साठवलेल्या पावसाचा वसंत

फेब्रुवारी संपत आला की महाराष्ट्रातल्या माळरानांवरचं गवत वाळून पिवळं पडतं. काळ्या रानांना भेगा पडू लागतात, ओढ्यांत नुसते गोटे उरतात. शेवटचा चांगला पाऊस होऊन चार महिने उलटलेले असतात आणि पुढचा पाऊस अजून साडेतीन महिने लांब असतो. नेमका हाच मुहूर्त साधून पळस फुलतो. अंगावर एकही पान नाही, पण फांदी टोकापर्यंत केशरी फुलांनी लगडलेली. त्याच्या मागोमाग काटेसावर, पांगारा आणि गणेर येतात. चैत्रात कडुनिंब आणि करंज फुलतात, वैशाखात बहावा आणि ताम्हण.

आपल्याला हे इतकं सवयीचं झालंय की त्यातलं आश्चर्य जाणवतच नाही. फुलाचा बहुतेक भाग पाण्याचा असतो. पाकळी ताठ राहते ती पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबामुळे. मधुरस म्हणजे तर साखरेचं पाणीच. मग वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत, पाण्याचा थेंब नसलेल्या डोंगरउतारावर, एकेक झाड हजारो फुलं उमलवतं ते कशाच्या जोरावर?

उत्तर असं की ही फुलं गेल्या पावसाळ्याच्या पाण्यावर उमलतात. आपला वसंत हा साठवलेल्या पावसाचा वसंत आहे. एकदा हे ध्यानात आलं की फाल्गुन ते वैशाख या तीन महिन्यांत दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फुलाकडे नव्याने पाहावंसं वाटतं.

दोन वसंत

युरोपातल्या जंगलांत वसंत पहिल्यांदा जमिनीवर उतरतो. बर्फ वितळतं, माती ऊबदार होते आणि डोक्यावरच्या झाडांना पालवी फुटून सावली दाटायच्या आत छोटी छोटी रानफुलं उमलून घेतात. तिथे वनस्पतींना वाट पाहावी लागते ती उबेची आणि उजेडाची.

आपल्याकडे ऊब आणि उजेड बारा महिने असतात. इथे अडतं ते पाण्यावाचून. वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्यामुळे जमिनीलगतच्या, उथळ मुळांच्या रानफुलांचा हंगाम पावसाला बांधलेला आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात फुलांचे गालिचे पसरतात. तेच पठार फेब्रुवारीत पाहिलं तर कातळ आणि वाळकं गवत. वीतभर मातीत पाणी किती दिवस टिकणार?

म्हणून वसंतात फुलण्याचं काम आपल्याकडे झाडांकडे येतं. त्यांची मुळं खोल जातात आणि त्यांच्या खोडात साठवणीला जागा असते. इंग्लंडमधल्या माणसाला वसंत पाहायला खाली वाकावं लागतं. आपल्याला मान वर करावी लागते.

पान गळतं तेव्हा काय होतं

झाडाचं पाणी सर्वांत जास्त जातं ते पानांतून. पानावर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी ती उघडावी लागतात आणि ती उघडली की आतलं पाणी वाफ होऊन निसटतं. पावसाळ्यात हा व्यवहार परवडतो. डिसेंबर-जानेवारीत माती सुकू लागते, हवा कोरडी होते आणि मुळं आणतात त्यापेक्षा पानं जास्त पाणी घालवू लागतात. तेव्हा झाड पानांतली कामाची द्रव्यं परत ओढून घेतं, देठाशी एक थर तयार करतं आणि पान सोडून देतं.

इथून पुढचा भाग मला फार विलक्षण वाटतो. पानं गेली की पाण्याची गळती जवळजवळ थांबते. पण खोलवर गेलेली मुळं थोडंथोडं पाणी ओढतच राहतात. ते आता बाहेर जात नाही, त्यामुळे तहानलेलं खोड हळूहळू पुन्हा भरू लागतं. फांद्यांच्या टोकांपर्यंत पाण्याचा दाब वाढतो आणि तिथे थांबलेल्या कळ्या त्या दाबाने फुगून उमलतात. बाहेरून आपल्याला वाळलेलं, निष्पर्ण झाड दिसत असतं, पण आतून त्याची तहान भागत असते. रॉल्फ बोर्खर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या कोरड्या जंगलांत झाडांच्या खोडांतल्या पाण्याचा अभ्यास करून ही गोष्ट १९९४ साली सविस्तर मांडली.

काटेसावर, पांगारा, गणेर या झाडांचं लाकूड हलकं आणि मऊ असतं. सुतार त्याला हलक्या प्रतीचं समजतो. सावरीचं लाकूड काड्यापेटीच्या कामाचं मानलं जातं. पण ज्या भुसभुशीतपणामुळे ते तुळईला चालत नाही, त्याच भुसभुशीतपणात पाण्याला मुबलक जागा मिळते. आपण उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे वाळवून पावसाळ्याची बेगमी करतो. ही झाडं पावसाळ्यात उन्हाळ्याची बेगमी करतात.

हे गुपित आपल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. विदर्भातला संत्र्याचा बागायतदार किंवा सोलापूर-नाशिककडचा डाळिंबवाला बहार धरताना काय करतो? आधी पाणी तोडतो. झाडाला ताण देतो. पानं पिवळी पडतात, गळतात, बाग ओकीबोकी दिसू लागते. मग खतमाती करून तो पाणी सोडतो आणि काही दिवसांत झाड फुलांनी भरून जातं. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या या बहाराला आंबे बहार म्हणतात, कारण तेव्हाच आंबाही मोहरलेला असतो. बागेत माणूस जे पाटाच्या पाण्याने घडवून आणतो, तेच रानात पळस आणि सावर स्वतःच्या मुळांनी आणि खोडांनी साधतात.

उघड्या फांदीवरचं आमंत्रण

पाणी हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा असा: पावसाळ्यात पाणी मुबलक असताना झाडं का फुलत नाहीत?

डॅनिएल जॅन्झेन या निसर्गशास्त्रज्ञाने १९६७ साली याचं एक उत्तर सुचवलं. पावसाळा हा झाडाचा वाढीचा हंगाम. त्या चार महिन्यांत प्रत्येक झाड शेजाऱ्यापेक्षा उंच जाण्यासाठी, जास्त ऊन मिळवण्यासाठी धडपडत असतं, आणि तेव्हा फुलाफळांवर अन्न खर्च करणं महागात पडतं. कोरड्या हंगामात वाढ तशीही थांबलेली असते. शिवाय पानं नसल्यामुळे फुलं लांबून दिसतात आणि परागीकरण करणाऱ्या पाहुण्यांना वाट सापडते.

आपल्याकडचे पाहुणे कोण, हे फुलाचा रंगच सांगतो. मधमाश्यांच्या डोळ्यांना निळा, हिरवा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश चांगला कळतो, पण गडद लाल रंग त्यांना नीट दिसत नाही. पक्ष्यांना लाल उत्तम दिसतो. पळस, पांगारा आणि सावर लाल-केशरी आहेत, ती पक्ष्यांसाठी. पक्ष्यांना वासाचं फारसं अप्रूप नसतं, म्हणून या फुलांना सुगंधही जवळजवळ नाही. सगळा खर्च रंगावर आणि मधुरसावर.

पळसाचं एक फूल हातात घ्या. काळपट मखमली पुष्पकोशातून पाच पाकळ्या बाहेर येतात. त्यांतल्या दोन एकत्र जुळून चोचीसारखी वळलेली नाव तयार होते. पुंकेसर आणि कुक्षी या नावेत दडलेली असतात आणि मधुरस तळाशी असतो. त्यासाठी शिंजीर पक्षी फुलात चोच खुपसतो तेव्हा नाव दबते आणि पराग त्याच्या अंगाला लागतात. पळसावर कितीतरी पक्षी येतात, पण सगळेच कामाचे नसतात. दिल्ली विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जांभळा शिंजीर हा पळसाचा मुख्य परागवाहक ठरला. जेमतेम बोटाएवढा हा पक्षी, आणि पुढच्या पिढीतले पळस त्याच्या भरवशावर आहेत.

काटेसावरीचा थाट वेगळा. तिचं फूल तळहाताएवढं, मांसल, पेल्यासारखं खोलगट, आणि मध्ये पुंकेसरांचा दाट झुबका. त्या पेल्यात मधुरस इतका असतो की सकाळच्या वेळी एका झाडावर मैना, कावळे, बुलबुल, कोतवाल आणि पोपट यांची एकच झुंबड उडते. मध्य आशियातून हिवाळ्याला आलेल्या भोरड्यांचे थवे परतीच्या प्रवासाला निघण्याआधी याच झाडांवर उतरतात. रात्री वटवाघळं येतात. फूल गळून खाली पडलं तरी त्याचं काम संपत नाही; जंगलात भेकर आणि चितळ ती फुलं वेचून खातात. पाणवठे आटलेले असताना एक सावर किती जणांना जगवते, हे पाहायला तिच्याखाली तासभर बसावं.

पिवळ्या फुलांचं वेगळं गणित

गडकिल्ल्यांच्या वाटेवर, कातळाच्या फटीत, वेड्यावाकड्या फांद्यांचं एखादं झाड फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या, झळझळीत पिवळ्या फुलांनी भरलेलं दिसतं. ती गणेर, हिलाच सोनसावरही म्हणतात. तिच्या फुलात मधुरस नसतो. तिथे मिळतात ते पराग, आणि तेही सहजासहजी नाही. तिचे परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असतं. काळा मोठा भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख मिटलेलेच ठेवतो आणि छातीचे स्नायू थरथरवतो. त्या थरथरीने छिद्रांतून पराग उडतात. अशा फुलाजवळ उभं राहिलं की भुंग्याचा उडतानाचा आवाज आणि हा थरथरीचा आवाज वेगळा कळतो. थरथरीचा सूर वरचा लागतो.

वैशाखातला बहावा हेच तंत्र आणखी पुढे नेतो. त्याचे लोंबणारे पिवळे घोस हात-हात लांब असतात, पण खरी गंमत एका सुट्या फुलात आहे. त्यात दहा पुंकेसर असतात आणि ते तीन तऱ्हांचे असतात. तीन लांब, बाकदार, वर वळलेले, काही मध्यम, आणि उरलेले अगदी आखूड. भुंगा मध्यम पुंकेसरांवर बसून स्वतःच्या खाण्याचे पराग काढत असतो. तेवढ्यात लांब, बाकदार पुंकेसर त्याच्या अंगाच्या अशा भागावर पराग टाकतात जिथे त्याचे पाय सहज पोचत नाहीत. पाहुण्याच्या खाण्याचे पराग वेगळे आणि वंशाचे पराग वेगळे! पुढच्या वैशाखात खाली पडलेलं बहाव्याचं एक ताजं फूल उचला आणि हे पुंकेसर स्वतः मोजा.

माथेरान आणि महाबळेश्वरच्या सदाहरित रानात याच सुमारास अंजनी फुलते. तिची निळी-जांभळी, बारीक फुलं फांद्यांना लगडतात आणि जाड, गडद हिरव्या पानांच्या खाली अख्खी फांदी निळी होऊन जाते. तिच्या पुंकेसरांवर तेलाची इवलीशी ग्रंथी असते. मध नाही, तर तेल देऊन माश्यांना बोलावणारं हे फूल असावं.

पाऊस येण्याआधी पालवी

फुलांइतकंच मोठं कोडं पालवीचं आहे. गुढीपाडव्याच्या आसपास कडुनिंबाला, पिंपळाला, करंजाला नवी पानं येतात. पाऊस अजून दोन-अडीच महिने लांब, उन्हाचा तडाखा वाढत चाललेला, आणि झाडं पाणी घालवणारी नवी छिद्रं उघडून बसतात! शास्त्रज्ञांनीही याला आशियातल्या मोसमी जंगलांचा विरोधाभासच म्हटलं आहे.

यामागचा इशारा मिळतो दिवसाच्या लांबीतून. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरचा दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनअखेरचा सव्वातेरा तासांचा. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो असं आपण म्हणतो. मार्चमध्ये, दिवस आणि रात्र समसमान होतात त्या सुमाराला, ही वाढ सर्वांत वेगाने होत असते, आणि अनेक झाडं तीच खूण ओळखून पालवतात. पाऊस एखाद्या वर्षी लवकर येतो, एखाद्या वर्षी ओढ देतो, पण सूर्याची तारीख चुकत नाही. खोडात आणि खोल मातीत पाणी शिल्लक असेल तर या तारखेवर विसंबता येतं.

यात झाडाचा फायदा काय? पहिला म्हणजे जूनचा पहिला पाऊस कोसळतो तेव्हा पानं तयार असतात आणि वाढीचा एकही दिवस वाया जात नाही. दुसरा फायदा के. एस. मुरली आणि रमण सुकुमार या भारतीय शास्त्रज्ञांनी तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात दाखवून दिला. पाऊस सुरू झाला की पानं खाणाऱ्या अळ्या आणि किडे एकदम वाढतात. जी झाडं त्याआधी, कोरड्या दिवसांतच पालवतात, त्यांची पानं कमी खाल्ली जातात. कीड जागी होईपर्यंत कोवळी पानं जून झालेली असतात.

याच दिवसांत कुसुमाचं झाड आवर्जून पाहावं. मार्चमध्ये त्याची नवी पालवी इतकी लालभडक असते की लांबून झाड फुललंय असंच वाटतं. हा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरेसं तयार झालेलं नसतं, तेव्हा प्रखर उन्हापासून हे लाल रंगद्रव्य पानाचा बचाव करतं असं मानतात. पंधरवड्यात लालाचं हिरवं होतं, म्हणून ही संधी चुकली तर वर्षभर थांबावं लागतं.

असाच चकवा वावळ देतो. हिवाळ्याच्या शेवटी त्याच्या निष्पर्ण फांद्या पोपटी झुपक्यांनी भरतात. पाहणाऱ्याला वाटतं पालवी आली. जवळ जाऊन पाहिलं तर ती चपटी, गोल फळं असतात, प्रत्येकाच्या मधोमध एकेक बी. उन्हाने ती वाळतात आणि एप्रिलच्या वाऱ्यावर उडून जातात.

बिया उडण्याची ही वेळही साधलेली असते. सावरीची बोंडं उन्हाळ्यात तडकतात आणि कापसाच्या तंतूंत गुरफटलेल्या बिया कोरड्या वाऱ्यावर तरंगत निघतात. पळसाची शेंग चपटी, पातळ, आणि तिच्या टोकाला एकच बी. बाकीची शेंग म्हणजे त्या बीसाठी केलेला पंख. हवा दमट असती तर हा कापूस आणि हे पंख भिजून जागच्या जागी पडले असते. आता ते दूर जाऊन पडतात आणि काही आठवड्यांतच त्यांच्यावर पाऊस येतो. फुलणं फेब्रुवारीत का, याचं एक उत्तर असं जूनमध्ये मिळतं.

जमिनीखालची कोठारं

झाडांखेरीज कोणी फुलतच नाही असंही नाही. ज्यांना साठवणीची दुसरी जागा सापडली आहे ते फुलतात. एप्रिलच्या रखरखाटात माळावर मातीतून सरळ एक बिनपानांचा दांडा वर येतो आणि त्यावर फिकट रंगाची फुलं ओळीने उमलतात. तो रानकांदा. त्याचं पाणी आणि अन्न जमिनीखालच्या कांद्यात असतं. पानं यायची ती पावसात. घरच्या बागेतला भुईचाफा हेच करतो. हिवाळ्यात पानं वाळून कुंडी रिकामी दिसते, आणि उन्हाळ्यात कोरड्या मातीतून थेट पांढरी-जांभळी सुगंधी फुलं डोकं काढतात. अनेक जण रिकामी समजून ती कुंडी उलटी करतात. तसं करू नका. मे महिन्यात उमलणारा लाल गोळा, ज्याला सगळे मे फ्लॉवर म्हणतात, तोही कांद्यातूनच येतो. आणि कोकणात पावसाच्या तोंडावर बाजारात येणारी शेवळं म्हणजे रानसुरणाच्या कुळातले, पानांच्या आधी आलेले फुलोरेच.

बागेतली इतर फुलंही याच नजरेने पाहता येतात. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्या रंगीत पाकळ्या खरं तर रंगीत पानं आहेत. खरं फूल त्या तीन पानांच्या मध्ये, बारीक पांढऱ्या नळीसारखं असतं. फूल कोमेजलं तरी ही पानं टिकतात, म्हणून बोगनवेल महिनोनमहिने फुललेली दिसते. तिला पाणी जास्त घातलं की ती हिरवी वाढते आणि थोडा ताण दिला की रंगाने भरून जाते. मोगऱ्याचंही तसंच. थंडीत छाटणी करून पाणी कमी केलं आणि ऊन वाढू लागल्यावर पुन्हा पाणी दिलं की कळ्या धरतात. त्या संध्याकाळी उमलतात, कारण मोगऱ्याचा सुगंध रात्रीच्या पतंगांना बोलावण्यासाठी घडला आहे. पण आपल्या बटमोगऱ्यात पाकळ्यांवर पाकळ्या वाढवण्याच्या नादात पुंकेसरांच्याच पाकळ्या झाल्या. आता त्याला बी धरत नाही आणि त्याचं रोप फांदीवरूनच करावं लागतं. देवळापुढचा चाफा मूळचा मध्य अमेरिकेचा. त्याच्या दरवळाला भुलून पतंग येतो, सोंड फुलात घालतो, पण आत मधुरस नसतोच. तो एका फुलातून दुसऱ्या फुलात मध शोधत फिरतो आणि तेवढ्यात चाफ्याचं काम होऊन जातं.

पाहण्याची सवय

बहावा फुलला की पाऊस दीड महिन्यावर आला, असं गावाकडची जुनी माणसं सांगतात. हिशेब साधारण जुळतो, कारण बहावा एप्रिलच्या अखेरीस बहरतो आणि मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यात पोचतो. बहाव्याला येणाऱ्या पावसाची चाहूल लागत असेल असं मात्र नाही. त्याच्यापाशी गेल्या पावसाचं शिल्लक पाणी असतं आणि लांबत जाणारा दिवस असतो. तेवढ्यावर त्याचं वेळापत्रक चालतं. पण या समजुतीमागची सवय मोलाची आहे. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी झाड पाहत होतं आणि तारीख लक्षात ठेवत होतं.

अशा नोंदींचं मोल किती असतं ते जपानमधल्या क्योटोने दाखवलं. तिथल्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. दरबारी लोक आणि भिक्षू यांनी रोजनिशीत सहज लिहून ठेवलेल्या त्या तारखा आज हवामानशास्त्रज्ञ अभ्यासतात. २०२१ साली तिथे २६ मार्चला पूर्ण बहर आला. तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत इतक्या लवकर आलेला बहर दुसरा नव्हता. तापमान वाढत असल्याचा हा पुरावा एका फुलझाडाने दिला.

मराठीत दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहून बारा महिन्यांकडे असं बारकाईने पाहायला शिकवलं. आता गरज आहे ती गावागावांतल्या नोंदींची. भारतभरच्या झाडांच्या पालवीच्या, फुलांच्या आणि फळांच्या नोंदी नागरिकांकडून गोळा करणारा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम सुरू आहे. शाळकरी मुलंही त्यात भाग घेतात. त्यासाठी फक्त एक झाड निवडायचं आणि आठवड्यातून एकदा त्याच्याकडे नीट पाहायचं.

तुम्हीही एक झाड निवडा. घरासमोरचा करंज चालेल, शाळेतला बहावा चालेल, शेताच्या बांधावरचा पळस तर उत्तमच. शेवटचं पान कधी गळलं, पहिली कळी कधी दिसली, पहिलं फूल कधी उमललं, त्यावर कोण आलं, हे तारखेनिशी वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच पानावर दुसरी तारीख लिहा. दोन तारखा शेजारीशेजारी आल्या की तिसऱ्या वर्षीची वाट तुम्ही आपोआप पाहू लागाल.

आणि आणखी एक काम करा. झाड वसंतात फुलतं ते पावसाळ्यात त्याच्या मुळांशी मुरलेल्या पाण्यावर, हे आता आपल्याला ठाऊक आहे. शहरांत मात्र पदपथाचं सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक बुंध्याला अगदी भिडलेले असतात आणि पाऊस झाडाच्या अंगावरून गटारात वाहून जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवतीची १ मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. आपल्या सोसायटीत आणि आपल्या रस्त्यावर हे करून घ्यायला कुठल्या आदेशाची वाट पाहायला नको. या जूनच्या आत तुमच्या झाडाभोवतीची मीटरभर माती मोकळी करून घ्या. पुढच्या फाल्गुनातली फुलं याच पावसावर ठरणार आहेत.